लालबावटा कलापथक : गिरणगावातील शाहिरीचा सीमापार प्रवास

प्रस्तावना
लोककलेचा परदेशप्रवास म्हटला म्हणजे दूरदेशीच्या महोत्सवात गाणारे पथक डोळ्यांसमोर येते. लालबाग-परळ परिसरातील शाहिरीचा प्रवास मात्र उलट क्रमाने घडला. येथे प्रथम परदेश पोवाड्यात आला आणि नंतर शाहीर परदेशी गेला. या प्रवासात काय पोहोचले व काय मागे राहिले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पथकाची जडणघडण
कापडगिरण्यांमुळे कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतील श्रमिक मुंबईत आले. पोवाडा, लावणी व तमाशा यांचे संस्कार त्यांच्यासोबत आले. या श्रोतृवर्गासाठी १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि द. ना. गवाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले. अज्ञानदासाच्या अफझलखानवधाच्या पोवाड्यापासून चालत आलेला हा रचनाप्रकार वीरचरित्रासाठी ओळखला जात होता. अण्णाभाऊंनी त्यात स्टालिनग्राडचा लढा गुंफला. बंगालच्या दुष्काळावरही त्यांनी रचना केली. वाटेगावात जन्मलेल्या व गिरणीत राबलेल्या या शाहिराने व्होल्गाकाठचे युद्ध कामगारांच्या परिचित चालीत आणले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत याच शाहिरांनी जनजागृतीचे मोठे कार्य केले.

सीमेपलीकडे
१९६१ मध्ये अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाला गेले. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्यांचे प्रवासवर्णन या भेटीतून सिद्ध झाले. त्यांच्या काही साहित्यकृती रशियन भाषेत अनुवादित झाल्या. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्को येथील परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हा सन्मान यथोचित आहे. तथापि तो प्रामुख्याने लेखकाचा सन्मान आहे.

पोवाडा ही एकट्याची कला नाही. शाहीर डफावर थाप देऊन कडवे उचलतो, झीलकरी 'जी जी' म्हणत ते पेलतात, तुणतुणे सूर धरून ठेवते आणि श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून शाहीर पुढील कडव्याची लय ठरवतो. अनुवादात शब्द जातात, ही देवघेव जात नाही. त्यामुळे पथकाचा वाटा व्यक्तीच्या कीर्तीआड झाकला गेला.

निष्कर्ष
अमरशेख आणि अण्णाभाऊ हे दोघेही १९६९ मध्ये निवर्तले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडल्या व ज्यांच्यासाठी ही शाहिरी घडली तो श्रोतृवर्ग विखुरला. म्हणून या परंपरेचा अभ्यास केवळ छापील संहितेवर थांबणे पुरेसे नाही. चाल, झील व वाद्यमेळ यांचे जतन आणि ज्यांनी ती शाहिरी ऐकली त्यांच्या मौखिक स्मृतींचे संकलन हे महाविद्यालयीन संशोधनाचे तातडीचे कार्य ठरते. शाहिराचे नाव मॉस्कोपर्यंत पोहोचले आहे. त्याला साथ देणाऱ्या झीलकऱ्यांची नावे लालबाग-परळमध्येच शोधावी लागतील.