यवतमाळची तीस वर्षांची सेमिनरी



जुबिलीच्या स्मरणिकेंत एका प्रॉटेस्टंट विद्यालयाचा इतिहास कशासाठीं, असें कोणी विचारील. तें विद्यालय आपल्याच गांवीं तीस वर्षें नांदलें आणि शेजारी असूनहि आपण त्यास फारसे ओळखीत नव्हतों, हेंच त्याचें कारण.

युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ सालीं येथें स्थापन झाली. फ्री मेथॉडिस्ट मिशनचें बायबल-शिक्षणाचें कार्य यवतमाळांत आधींपासून चालत असे; त्या पायावर निरनिराळ्या मिशनांनीं एकत्र येऊन ही संस्था उभारली, म्हणून नांवांत 'युनियन'. रेव्ह. फ्रँक क्लाइन हे तिचे पहिले प्राचार्य. ज्या गांवची आगगाडी म्हणजे मूर्तिजापुराहून ११३ किलोमीटर रमतगमत येणारी अरुंद रुळांची शकुंतला, त्या गांवीं केरळ व ईशान्य भारत येथून तरुण ईश्वरविद्या शिकावयास येऊं लागले! विद्यार्थी प्रांतोप्रांतींचे, म्हणून अध्यापन इंग्रजींतून. ग्रीक व हिब्रूचे धडे वेगळे. आणि फाटकाबाहेर पडतांच कानीं वऱ्हाडी. न्यूझीलंडचे ब्रूस निकल्स यांसारखे नामांकित अध्यापक येथें शिकवून गेले.

त्या काळीं आपण कोठें होतों? १९५५ सालीं अमरावती धर्मप्रांत निर्माण झाला, तोंवर यवतमाळ नागपूरच्या महागुरूंकडे होतें. इतर पंथीयांच्या उपासनेंत भाग घेण्यास १९१७ च्या धर्मसंहितेची मनाई होती. तेव्हां आपले वाडवडील फाटकाबाहेर राहिले, यांत त्यांचा दोष नाहीं. परंतु २१ नोव्हेंबर १९६४ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ख्रिस्ती ऐक्याचा आदेश काढला. त्यानंतरहि एकोणीस वर्षें तें विद्यालय येथेंच होतें. त्या एकोणीस वर्षांत आपण कितीदां आंत गेलों, हा प्रश्न मला बोचतो.

१९८३ सालीं, डॉ. सफीर अथ्याल प्राचार्य असतांना, सेमिनरी पुण्यास बिबवेवाडी येथें गेली. लहान गांव सोडल्याबद्दल त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार आपणांस नाहीं. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनीं १८९३ सालीं कँडी येथें स्थापिलेली आमची पेपल सेमिनरीहि १९५५ सालीं डोंगर सोडून पुण्यासच आली. मोठ्या शहराची ओढ दोघांनाहि होती. तरी शहराला एक विद्यालय अधिक मिळालें म्हणजे फारसें जाणवत नाहीं. यवतमाळासारख्या गांवांतून एक गेलें म्हणजे जाणवतें.

पुण्यास शिकत असतांना माझी बिबवेवाडीच्या एका विद्यार्थ्याशीं ओळख झाली. मीं तोंवर यवतमाळ पाहिलें नव्हतें, त्यानेंहि नव्हतें. परंतु तेथील उन्हाळ्याचें वर्णन त्यानें आपल्या गुरुजनांकडून इतकें ऐकिलें होतें कीं, पुढें माझी येथें नेमणूक झाली तेव्हां पहिल्या मे महिन्यांत मला त्याचेंच स्मरण झालें.