हान्स फॉन ब्यूलो : तिखट जीभ, निष्ठावंत हात

जर्मन पियानोवादक व वाद्यवृंद-संचालक हान्स फॉन ब्यूलो (१८३०–१८९४) तिखट जिभेबद्दल प्रसिद्ध होता. वादकाची चूक तो पोटात घालीत नसे. परंतु १० जून १८६५ रोजी म्युनिकमध्ये वाग्नरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’ या संगीतनाट्याचा पहिला प्रयोग त्यानेच सिद्धीस नेला. दोनच महिन्यांपूर्वी त्याची पत्नी कोसिमा हिला वाग्नरपासून कन्या झाली होती. १८७० मध्ये घटस्फोट झाला, तरी वाग्नरच्या संगीताचा पुरस्कार त्याने सोडला नाही. पुढे मायनिंगेनच्या वाद्यवृंदाला कडक शिस्त लावून त्याने ब्राम्सच्या रचना गावोगावी नेल्या. माणसांवर बरसणाऱ्या या कलावंताने स्वतःचे दुःख मात्र सुरांवर कधी लादले नाही. आम्हांस त्याचा खरा स्वभाव येथेच दिसतो.