मांडवी ते वाशी : साथ आणि श्रमिक

वाशीच्या घाऊक बाजारात पहाटे गेलात, तर ट्रकमधून पोती उतरवणारे माथाडी कामगार हमखास दिसतात. टाळेबंदीतही मुंबईचे धान्य आणि भाजीपाला या बाजारातूनच जात होता. पण करोनाची लागण व्यापारी आणि कामगारांत पसरली आणि ११ ते १७ मे २०२० या काळात बाजार बंद ठेवावा लागला. ती बातमी वाचताना माझे मन मागे गेले, ते थेट १८९६च्या मांडवीत.

त्याला कारणही आहे. हा बाजार मूळचा तिकडचाच. मशीद बंदर, दाणाबंदर आणि भायखळ्याचा घाऊक व्यापार १९८१ पासून टप्प्याटप्प्याने नव्या मुंबईत आला. मुंबईतला प्लेग सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला, तोही याच मांडवी भागात. धान्याची कोठारे होती, म्हणून उंदीर होते आणि उंदरांच्या अंगावर रोग वाहणाऱ्या पिसवा.

पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरातून साडेतीन लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. गिरण्यांचे माग ओस पडले. ‘कामगार भ्याले आणि पळाले’ असे तेव्हाही म्हटले गेले. मला ते पटत नाही. गिरणीचा पगार महिन्याने मिळे आणि तोही पुढच्या महिन्यात बऱ्याच दिवसांनी. उद्या आपण असू की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसाने महिनाअखेरची वाट का पाहावी? कामगारांनी रोजचा पगार रोज मागितला. एरवी शिस्तीच्या गोष्टी सांगणारे मालक मग नाक्यानाक्यावर उभे राहून एकमेकांवर चढाओढीने बोली लावू लागले. जे अर्जविनंत्यांनी झाले नसते, ते एका साथीने करून दाखवले.

पालिकेची अडचण याहून मोठी होती. ऑक्टोबर १८९६मध्ये रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा आदेश निघाला. लोकांत घबराट पसरली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यातच सफाई कामगारही शहर सोडून गेले, तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, ही धास्ती आयुक्त स्नो यांना होती. आदेश सौम्य करण्यात आला. ज्यांच्याकडे एरवी कोणी वळूनही पाहत नसे, त्या झाडूवाल्यांच्या मनात काय चालले आहे, याचा विचार सरकारला करावा लागला.

फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला. कायदा अवघ्या चार कलमांचा. त्याने अधिकाऱ्यांना अधिकार दिले आणि संरक्षणही दिले. पण कामावर येणाऱ्याच्या मजुरीबद्दल त्यात अक्षर नव्हते. २०२०मध्ये आपण तोच कायदा बाहेर काढला. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कडक शिक्षेची तरतूद त्यात झाली आणि ते योग्यच झाले. पण पोते वाहणारा पुन्हा कायद्याबाहेरच राहिला.

मधल्या काळात काहीच बदलले नाही असे मात्र नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्य निर्वाह निधी आला. तरीही मजुरी ठरते ती उचललेल्या मालावर. म्हणजे बाजार बंद तर हमाली बंद आणि हमाली बंद तर चूल बंद. म्हणूनच २०२०मध्ये माथाडींनी विमा संरक्षण मागितले, लोकलने प्रवासाची मुभा मागितली. साथीत जे काम ‘अत्यावश्यक’ ठरते, ते करणारा माणूसही तितकाच अत्यावश्यक का ठरू नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

शेवटी एका माणसाची आठवण काढतो. रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना १८९०मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी. विश्रांती घेतलेला माणूस अधिक चांगले काम करतो, हे आज व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात. लोखंडे यांनी ते गिरणीच्या दारात सांगितले होते. प्लेगच्या साथीत ते रुग्णांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. कामगारांनी मुंबई सोडली, असे इतिहास सांगतो. त्यांच्या पुढाऱ्याने ती सोडली नव्हती, हेही रविवारी सकाळी चहा घेताना आपण लक्षात ठेवू या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)