खिडकीतला डोंगर

आज थोडे चित्रांविषयी लिहिणार आहे. चित्रकलेतले मला फारसे कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा विषय इतिहास. साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर तोच शिकवला. चित्रकलेशी माझा संबंध म्हणजे लहानपणी काढलेले ते एक चित्र. तुम्हीही काढले असेलच. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, काठावर झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. आमच्या गावात नारळ शोधावा लागे, पण चित्रात तो हवाच. समोर बघून काढायचे असते हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्हालाही सुचले नाही.

त्या चित्राची आठवण झाली ती २०२० साली. २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला, २४ तारखेला रात्री घोषणा झाली आणि २५ पासून एकवीस दिवसांसाठी देश बंद झाला. ते एकवीस दिवस वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेले. आम्ही दोघेच घरी. पुण्याहून मुलाचा रोज फोन, "बाबा, उंबरा ओलांडायचा नाही." दूध आणि भाजी दोरीला पिशवी बांधून दुसऱ्या मजल्यावर ओढून घ्यायची. वर्तमानपत्र बंद. मग उरली ती हॉलची खिडकी आणि खिडकीत समोर अजिंक्यतारा.

या किल्ल्याला औरंगजेबाने १६९९ च्या डिसेंबरात वेढा घातला आणि प्रयागजी प्रभूंनी तो १७०० च्या एप्रिलपर्यंत लढवला, हे मी किती वर्गांना सांगितले असेल त्याची गणती नाही. पण त्याच किल्ल्याचा उतार सकाळी कोणत्या रंगाचा दिसतो, असे कुणी विचारले असते तर मला सांगता आले नसते.

त्याच दिवसांत नातवाने मोबाइलवर एक चित्र पाठवले. हिरव्या गवतात पिवळी डॅफोडिलची फुले. चित्रकार डेव्हिड हॉकनी. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा हा माणूस तेव्हा ८२ वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहूनही मोठा. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात २०१९ साली त्याने एक जुने घर घेतले होते. भोवती फळझाडे, एक छोटे तळे, लांबवर कुरणे. २०२० चा वसंत ऋतू कसा येतो ते तिथे बसून रेखाटायचे, हे त्याने साथीच्या आधीच ठरवले होते. साथीने त्याला कल्पना दिली नाही. येणारे-जाणारे मात्र बंद केले. डॅफोडिलच्या त्या चित्राला त्याने नाव दिले होते त्याचा भावार्थ असा, की वसंत काही कुणाला रद्द करता येणार नाही.

तो आयपॅडवर काढत होता. मला आधी ते पटले नव्हते. पण नातवाने कारण समजावले. रंग वाळायची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे पळून जाणारा उजेड पकडता येतो आणि पडदा स्वतःच उजळलेला असल्याने पहाटेच्या अंधारातही काम करता येते. तेच झाड कोरडे, मग कळ्यांनी भरलेले, मग फुललेले, मग पानांनी झाकलेले. त्यातली ११६ चित्रे मोठी करून कागदावर छापली आणि २०२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली. शिवाय वर्षभराचे ऋतू एकापुढे एक जोडून त्याने सुमारे ९० मीटर लांबीची एक पट्टी तयार केली. तिची कल्पना त्याला नॉर्मंडीतल्याच बायो गावच्या जुन्या भरतकामावरून आणि चिनी गुंडाळीचित्रांवरून सुचली होती. ही पट्टी २०२१ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात लागली.

ओरांजरी हे नाव वाचले आणि माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. कारण ते संग्रहालय ओळखले जाते ते क्लोद मोने याच्या कमळांच्या चित्रांसाठी. आणि मोनेसुद्धा नॉर्मंडीतलाच रहिवासी, जिव्हर्नी गावचा.

मोने १८८३ साली जिव्हर्नीला आला आणि १९२६ साली तिथेच वारला. १८९३ मध्ये त्याने बागेलगतची जमीन घेऊन ओढ्याचे पाणी वळवले आणि कमळांचे तळे केले. ही परदेशी झाडे पाणी बिघडवतील, गुरांना बाधतील अशी गावकऱ्यांची तक्रार होती. पुढे हेच तळे त्याचे जग झाले. १९११ मध्ये पत्नी गेली. १९१२ मध्ये मोतीबिंदूचे निदान झाले. १९१४ च्या फेब्रुवारीत थोरला मुलगा गेला आणि ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. आजूबाजूचे लोक गाव सोडून निघाले, धाकटा मुलगा पुढे आघाडीवर गेला, पण हा चौऱ्याहत्तरीला टेकलेला म्हातारा हलला नाही. तळ्याचे पाणी, त्यात उतरलेले आकाश आणि वर तरंगणारी कमळे, हेच तो पुनःपुन्हा रंगवत राहिला.

इथे मला एक गोष्ट फार जवळची वाटली. १९१४ च्या डिसेंबरात एका मित्राला लिहिलेल्या पत्रात मोनेने कबूल केले आहे, की एवढी माणसे आपल्यासाठी सोसत आहेत, मरत आहेत आणि आपण रंग-आकारांचा बारीकसारीक विचार करत बसलो आहोत, याची थोडी लाज वाटते. लाज वाटली, तरी काम थांबवले नाही. ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने पंतप्रधान क्लेमांसो यांना पत्र लिहून आपली दोन चित्रे राष्ट्राला देऊ केली. दोनाची पुढे बावीस फलके झाली. १९२७ च्या मे महिन्यात ती ओरांजरीत खुली झाली. दोन मीटर उंच, एकूण लांबी शंभर मीटरच्या आसपास. ते बघायला मोने नव्हता.

तिसरा माणूस व्हिन्सेंट व्हॅन गॉग. हा तर खरोखर कोंडलेला. ८ मे १८८९ रोजी तो आपण होऊन फ्रान्सच्या दक्षिणेला सँ-रेमी गावच्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि वर्षभर राहिला. सुरुवातीला आवाराबाहेर जायची मुभा नव्हती, पुढे झटका आला की पुन्हा आठवडेच्या आठवडे खोलीत. त्या एका वर्षात त्याने सुमारे दीडशे चित्रे केली. त्याच्या खिडकीला लोखंडी गज होते. खाली भिंतीने वेढलेले गव्हाचे शेत, पलीकडे टेकड्या. ते शेत त्याने पेरणी, पाऊस, कापणी अशा सगळ्या अवस्थांत रंगवले. पहाटेचा शुक्रतारा याच खिडकीतून पाहिला आणि १८८९ च्या जूनमध्ये ते प्रसिद्ध तारांकित रात्रीचे चित्र झाले. त्यातले गाव खिडकीतून दिसत नव्हते, ते त्याने आपल्या मनाने घातले. गज मात्र दिसत होते, ते गाळले.

तर तिघांत समान काय? 'सक्तीचा एकांत मिळाला की प्रतिभा फुलते' असे तेव्हा खूप जण लिहीत होते. मला ते खरे वाटत नाही. मलाही एकांत मिळाला होता, माझी काही प्रतिभा फुलली नाही. या तिघांनी केले ते एवढेच, की एकच जागा वारंवार पाहिली. पहिल्यांदा बघताना आपण डोंगर बघत नाही, डोंगराविषयी जे ठाऊक असते तेच बघतो. आमच्या लहानपणच्या त्या दोन डोंगरांसारखे. विसाव्यांदा बघताना ठाऊक असलेले संपते आणि समोरचे दिसू लागते.

मी एक जुनी शंभरपानी वही काढली. रोज सकाळी किल्ल्याची एक नोंद आणि जमेल तसे पेन्सिलीने एक चित्र. पहिले दहा-बारा दिवस डोंगर चित्रात टोकदारच यायचा. माथा सपाट आहे आणि त्यावर टॉवर आहे हे डोळ्यांना दिसत होते, हाताला पटत नव्हते. मार्चअखेर गवत वाळून तांबूस झाले होते, मधे वणव्याचा काळा पट्टा होता. मेमध्ये खालच्या घरांतला गुलमोहर लाल झाला. ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, त्या दिवशी डोंगर दिसलाच नाही. मग आठवडा-पंधरवड्यात त्या काळ्या पट्ट्यावरच आधी हिरवे उगवले. हे बघून मला जो आनंद झाला तो इतका होता, की सांगायला संकोच वाटतो.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. एप्रिलातल्या एका पहाटे मी असाच खिडकीत बसलो होतो. ही शेजारी येऊन म्हणाली, "अहो, खाली बघा."

खाली रस्त्यावरून माणसे चालली होती. सात-आठ जण, डोक्यावर बोचकी, एकाच्या खांद्यावर पोर. ऊसतोडीला आलेले लोक. कारखान्याचा पट्टा पडला, गाड्या बंद, म्हणून पायीच बीडकडे निघालेले. हिने वरूनच विचारले, "जेवलात का?" रात्रीच्या भाकरी होत्या, त्या चटणीसकट पिशवीत घालून त्याच दोरीने खाली सोडल्या. एका बाईने वर बघून हात जोडले आणि ती माणसे गेली.

चार दिवसांनी वही चाळताना त्या तारखेचे पान निघाले. मी लिहिले होते, 'पूर्वेकडून तिरपे ऊन. वरच्या कड्याला गुलाबी छटा. हवा स्वच्छ.' बस्स. त्या माणसांचा उल्लेख नाही. आयुष्यभर मुलांना सांगत आलो, की साधनांत काय लिहिले आहे तेवढेच बघू नका, काय लिहिलेले नाही तेही शोधा. आणि माझ्याच वहीवरून कुणी इतिहास लिहिला असता, तर त्या दिवशी साताऱ्यात फक्त सूर्योदय झाला असता. मी डोंगर बघत होतो, ती रस्ता बघत होती.

पुढे ८ मेची बातमी आली. जालन्याहून पायी निघालेले मजूर औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, त्या जिल्ह्यात करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र तुम्हीही पाहिले असेल. त्यानंतर दोन दिवस मी वही उघडली नाही. मोनेची ती 'थोडी लाज' तेव्हा मला नीट कळली.

म्हणून मग त्या चित्रांकडे पुन्हा वळलो. बायोचे ते भरतकाम ११ व्या शतकातले, सुमारे ७० मीटर लांब. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले त्याची हकीकत त्यात आहे. माणसे सहाशेच्या वर, झाडे चाळिशीच्या आत. खालच्या काठावर मेलेले सैनिकही भरले आहेत. हॉकनीच्या पट्टीत उलट, झाडेच झाडे आणि माणूस नाही. मोनेच्या तळ्यावरही कुणी नाही. मग यांनी पाठ फिरवली होती का? मोनेपुरते म्हणाल तर नाही. ते तळे लढाईतून आलेल्या देशाला क्षणभर टेकायला जागा म्हणून त्याने दिले. व्हॅन गॉगने गज गाळले, पण गव्हात विळा घेतलेला कापणी करणारा रंगवला. त्याच्यात आपल्याला मृत्यू दिसतो, पण भर उन्हातला, दुःख नसलेला, असे त्याने भावाला कळवले होते. हॉकनीचे म्हणाल, तर त्या फुलांनी मला एक महिना तगवले. त्याच्याकडून आणखी काही मागायचा मला हक्क नाही. माझ्या वहीकडून मात्र आहे. मी ते एप्रिलचे पान काढले आणि ऊनाच्या नोंदीखाली त्या सात-आठ जणांविषयी लिहिले. चित्रात खाली एक रस्ता ओढला. माणसे काढता येत नाहीत मला, काड्यांसारखी आली. येऊ देत.

जाता जाता एक शेवटचे. पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीचा वर्ग. १२ जानेवारी १७०८, शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक, असे मी टिपण सांगत होतो आणि एक मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मी ओरडलो, "काय आहे रे बाहेर?" तो उभा राहून म्हणाला, "किल्ला, सर." वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला आणि तास संपेपर्यंत त्याला उभे केले. वहीच्या मागच्या पानावर त्याने डोंगर काढला होता. इतिहासाच्या वहीत चित्रे काढायची नाहीत, अशी तंबीही दिली.

माथा सपाट काढला होता त्याने, हे आता आठवते. नाव काही केल्या आठवत नाही.