पुण्याचा आकाशनिरीक्षक आणि न सापडलेला ग्रह

भिलाईच्या पोलाद-भट्ट्यांच्या उजेडापासून दूर, एखाद्या अंधाऱ्या शिवारातून ज्येष्ठातील निरभ्र रात्री पाहिले, तर वृश्चिकाच्या उत्तरेस भुजंगधारी नावाचा विस्तीर्ण तारकासमूह दिसतो. त्याच्या पूर्व भागात एक मंद तारा आहे. ज्योतिषशास्त्रज्ञ त्याला ‘भुजंगधारी ७०’ म्हणतात. डोळ्यांना तो एक दिसतो. वस्तुतः ते दोन सूर्य आहेत. या जोडीभोवती एखादा ग्रह असावा, असे अनुमान १८५५ साली मद्रासच्या वेधशाळेतून प्रसिद्ध झाले. ते करणाऱ्या विल्यम स्टीफन जेकब याने ताऱ्यांच्या जोड्यांचा अभ्यास केला होता तो पुण्यात.

जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर पथकातील अधिकारी. १८३१ साली तो मुंबईस आला, आणि १८४२ साली पुण्यात त्याने स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. पाच फुटी दुर्बिणीने त्याने येथे घेतलेल्या वेधांतून २४४ जोडताऱ्यांची सूची सिद्ध झाली व १८४८ साली ती लंडनच्या ज्योतिष संस्थेपुढे आली. त्याच वर्षअखेरीस मद्रास वेधशाळेचे संचालकपद त्याच्याकडे आले.

फुगडी खेळणाऱ्या दोन मुली जशा आपल्यामधील एका बिंदूभोवती फिरतात, तसे जोडतारे परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधले जाऊन फिरत असतात. त्यांपैकी एकाभोवती अदृश्य ग्रह असेल, तर त्याच्या ओढीने त्या ताऱ्याची चाल किंचित डगमगेल. दृश्याच्या डगमगण्यावरून अदृश्याचा माग काढण्याची ही रीत त्या काळी नुकतीच यशस्वी झाली होती. युरेनसच्या गतीतील विसंगतीवरूनच १८४६ साली नेपच्यूनचा शोध लागला होता. भुजंगधारी ७० च्या कक्षेतही तशीच विसंगती जेकबला दिसली. ग्रहाचे अस्तित्व निश्चित आहे, असे मात्र त्याने म्हटले नाही; ते अत्यंत संभाव्य आहे, एवढेच म्हटले.

अनुमानाची रीत निर्दोष होती, परंतु आधार अपुरा होता. विल्यम हर्शेलने ही जोडी १७७९ साली प्रथम पाहिली. तिच्या एका फेऱ्यास सुमारे ८८ वर्षे लागतात. म्हणजे १८५५ पर्यंत एक फेराही पुरा झाला नव्हता. शिवाय ७६ वर्षांचे हे वेध निरनिराळ्या निरीक्षकांनी निरनिराळ्या दुर्बिणींतून घेतलेले होते. ज्या सूक्ष्म हालचालीवर ग्रहाचा डोलारा उभा होता, ती मोजणीतील चुकांहून वेगळी काढणे अशक्य होते. पुढे १८९६ साली अमेरिकेत टी. जे. जे. सी याने त्याच जोडीत अदृश्य सोबत्याचा दावा केला. १८९९ साली फॉरेस्ट मोल्टनने गणिताने दाखवून दिले की, तशी रचना टिकूच शकणार नाही. विसाव्या शतकातही दावे झाले, परंतु एकही टिकला नाही.

जेकबने आपल्या वेधांचा ध्यास मात्र सोडला नाही. पुण्याच्या परिसरात ५,००० फूट उंचीवर वेधशाळा स्थापण्याची योजना त्याने मांडली. ब्रिटिश पार्लमेंटने १८६२ साली तीसाठी १,००० पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्याने पूर्वीच स्वखर्चाने घेतली होती. ८ ऑगस्टला तो मुंबईस उतरला आणि १६ ऑगस्टला, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुण्यात मरण पावला. ज्या डोंगरी आकाशासाठी तो परतला होता, त्याचे वेध घेणे त्याच्या नशिबी नव्हते.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते दुसऱ्या वाटेने. ताऱ्याची जागा मोजण्याऐवजी शास्त्रज्ञ त्याच्या प्रकाशाचा वर्णपट तपासू लागले. तारा आपल्याकडे येताना वर्णपटातील रेषा निळ्या बाजूस, दूर जाताना तांबड्या बाजूस सरकतात. याच युक्तीने १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना एका सूर्यसदृश ताऱ्यास अगदी खेटून, अवघ्या चार दिवसांत फेरी घालणारा महाकाय ग्रह आढळला. पुढे जोडताऱ्यांतही असे ग्रह सापडले. २०२५ साली अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी अबूच्या गुरुशिखरावरील दुर्बिणीच्या साहाय्याने तसाच एक ग्रह जाहीर केला. ‘टीओआय-६०३८ ए’ या ताऱ्याभोवती तो सुमारे पावणेसहा दिवसांत फिरतो. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ७८ पट आहे. त्या ताऱ्याचा जोडीदार तारा मात्र पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३,००० पटींहून अधिक दूर आहे.

जेकबचा ग्रह खोटा ठरला. पण तो तसा ठरू शकला, याचे श्रेय जेकबलाही आहे. त्याने आपले वेध, गणित आणि शंका खुलेपणाने मांडल्या, म्हणूनच पुढील पिढ्यांना त्या तपासता आल्या. पुण्याजवळच्या उंचीवर जे योजिले होते, ते दीडशेहून अधिक वर्षांनी भारतातीलच दुसऱ्या एका शिखरावरून साधले. भुजंगधारीतील त्या मंद ताऱ्याभोवती मात्र आजवर एकही ग्रह सिद्ध झालेला नाही.