दुसऱ्या भागाचं कूळ

हवानातल्या एका हॉटेलच्या गच्चीवर वाढदिवसाचा केक येतो. त्यावर क्युबाचा नकाशा काढलाय. हायमन रॉथ हा थकलेला, आजारी म्हातारा केक कापायला लावतो आणि तुकडे वाटले जात असतानाच कोणतं हॉटेल कुणाचं, कोणता कॅसिनो कुणाचा, हेही सांगून टाकतो. पाहुणे हातात बशा घेऊन उभे आहेत. ज्यांचा तो देश, त्यांना कुणी विचारलेलं नाही.

फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या ‘द गॉडफादर पार्ट टू’मधला हा प्रसंग. डिसेंबर १९७४मध्ये आलेल्या या चित्रपटात गोळीबार आहे, सख्ख्या भावाचा खून आहे. पण गुन्हेगार घराण्याच्या गोष्टीला दुसरा भाग का लागतो, हे कळायचं तर त्या केकशी थांबावं लागतं. बापानं, म्हणजे व्हिटो कोर्लिओनेनं, न्यूयॉर्कमधली एक आळी मुठीत घेतली होती. मुलगा मायकेल जमिनीच्या वाटपाला बसलाय.

चित्रपटाच्या नावापुढे आकडा लावण्याची रीत याच चित्रपटामुळे रूढ झाली. त्याआधी, १९५७मध्ये ‘क्वाटरमास टू’ हा ब्रिटिश चित्रपट आला होता, पण त्याची प्रथा झाली नाही. कोपोलाच्या डोळ्यांसमोर होता आयझेनस्टाइनचा ‘इव्हान द टेरिबल’. त्याचा दुसरा भाग १९४६मध्ये तयार झाला, स्टालिनला आवडला नाही, आणि पडद्यावर यायला १९५८ साल उजाडलं. पॅरामाउंट कंपनीला ‘पार्ट टू’ हे नाव नको होतं. हा आपण पाहिलेल्याच चित्रपटाचा उरलेला तुकडा, असं समजून लोक फिरकणार नाहीत, ही धास्ती. कोपोला हटला नाही.

आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे चित्रपटाची बांधणी. मारिओ पुझोच्या १९६९च्या कादंबरीत व्हिटो कोर्लिओनेच्या तरुणपणाचा मोठा भाग होता आणि पहिल्या चित्रपटात त्याला जागाच मिळाली नव्हती. कोपोलानं तो उचलला आणि मुलाच्या, म्हणजे मायकेलच्या, नव्यानं लिहिलेल्या गोष्टीत गुंफला. एकीकडे १९०१ साली सिसिलीतून निघालेलं पोर मोठं होऊन माणसं जोडतंय. दुसरीकडे १९५८मध्ये त्याचाच मुलगा एकेक माणूस गमावतोय. मार्लन ब्रँडोला जिच्यासाठी ऑस्कर मिळालं होतं, तीच व्यक्तिरेखा तरुण वयात साकारून रॉबर्ट डी नीरोनंही ऑस्कर नेलं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानही मिळाला, आणि दुसऱ्या भागाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

मुंबईत हे बीज उशिरा, पण खोल रुजलं. महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मध्ये (१९९९) समुद्रकिनारी रघू शिवलकरचं वर्षश्राद्ध चाललंय आणि त्याचा लहानगा मुलगा आजीला बापाबद्दल विचारतो. तिथून गोष्ट सुरू होते: चाळ, पावभाजीची गाडी, एक भांडण, एक खून. शेवटी आईच मुलाला गोळी घालते. दुसऱ्या भागाची सोय पहिल्याच प्रसंगात होती, कारण प्रश्न विचारणारं पोर मोठं होणारच होतं. २००२च्या ‘हथियार’मध्ये ते झालं, आणि बापाची भूमिका करणारा संजय दत्तच मुलगा झाला. कोपोलानं बाप आणि मुलगा यांना दोन चेहरे दिले. मांजरेकरांनी एकच ठेवला. बापाचं नाव चिकटलेल्या पोराची कोंडी दाखवायला यापेक्षा नेमकी निवड सापडली नसती. ‘हथियार’ ‘वास्तव’च्या तोडीचा नाही, पण ही निवड अस्सल आहे.

दुसरी शाखा रामगोपाल वर्मांची. ‘सरकार’ (२००५) सुरू होतानाच ‘गॉडफादर’चं ऋण मान्य करतो. त्यातला सुभाष नागरे मात्र इथल्या मातीचा: कपाळाला टिळा, गळ्यात माळ, बशीत ओतून प्यायलेला चहा. ६ जून २००८ला ‘सरकार राज’ आला आणि या घराण्याच्या गोष्टीतही जमीन आली. परदेशी कंपनीची अनिता राजन वीजप्रकल्पाचा प्रस्ताव घेऊन नागऱ्यांच्या दारी येते. मुलगा शंकर विकासाच्या बाजूनं, बापाला विस्थापितांची काळजी. हे वाचून ज्यांना दाभोळचा वीजप्रकल्प आठवतो, त्यांना तो बरोबरच आठवतो. अमेरिकी कंपनी एन्रॉनचा सामंजस्य करार १९९२चा. १९९५मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारनं प्रकल्प रद्द केला, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि त्याच सुमारास कंपनीच्या रिबेका मार्क शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकऱ्यांना भेटल्या होत्या.

पण ‘सरकार राज’ एका ठिकाणी चुकतो, आणि ती चूक साधी नाही. प्रकल्पाविरुद्ध उभा राहणारा संजय सोमजी आणि त्याच्यामागचे रावसाहेब (दिलीप प्रभावळकरांनी ही भूमिका अशी केली आहे की पाहणाऱ्याला शेवटपर्यंत संशय येऊ नये) हे कारस्थानाचे भाग निघतात. म्हणजे जमीन जाणाऱ्यांचा राग हा कुणीतरी मांडलेला डाव ठरतो. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात हे कुणाला पटणार नाही.

दिवाळे हा खाडीकाठचा कोळीवाडा. १९७०मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, खाजणं गेली आणि माणसांना ‘प्रकल्पग्रस्त’ हे नाव मिळालं. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर उरण परिसरात गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. घर वाढलं, जागा वाढली नाही, म्हणून बांधलेल्या खोल्यांना इथं आजही ‘गरजेपोटीची घरं’ म्हणतात, आणि ती कायम करण्याची मागणी जुनी आहे. २४ जून २०२१ला बेलापूरच्या सिडको भवनावर हजारो लोक धडकले, नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव हवं म्हणून. त्यात १९८४च्या आंदोलकांची मुलं-नातवंडं होती. बापानं सुरू केलेला लढा मुलानं पुढे नेणं म्हणजे दुसरा भागच. त्यात कुणी डॉन मात्र नव्हता.

मराठी चित्रपटानं जमिनीकडे अखेर सरळ पाहिलं. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून मांजरेकरांनीच ‘लालबाग परळ’ (२०१०) केला. गिरणी कामगारांच्या १९८२च्या संपानंतर गिरणगावातल्या एका घरातलं पोर टोळीत जातं आणि गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहतात. २०१८मध्ये प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. बापानं शेत विकलंय, पैसा संपलाय, आणि मुलगा राहुल पुण्याच्या गुन्हेगारीत शिरतो. मोहन जोशींनी केलेला तो बाप पाहिला की कळतं, या राहुलला वारशात ना टोळी मिळाली ना बंगला. सातबाऱ्यावरून नाव गेलं, तेवढंच त्याच्या वाट्याला आलं.

त्याच चित्रपटावरून २०२१मध्ये हिंदीत ‘अंतिम’ झाला. दिग्दर्शक पुन्हा महेश मांजरेकर. चाळीतल्या रघूची गोष्ट सांगितल्यावर बावीस वर्षांनी ते शेत विकलेल्या घरापाशी पोहोचले होते.