कार्डाएवढी कोरी सीडी

व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराची कोरी सीडी ही मुळात छाटलेली छोटी सीडी. फिलिप्स आणि सोनी यांनी सीडीचे मानक १९८० साली ठरवले, १९८२च्या ऑक्टोबरात जपानमध्ये पहिला प्लेअर विक्रीला आला आणि एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरचे मानक १९९० साली निघाले. नेहमीची सीडी १२० मिमी व्यासाची, लहान सीडी ८० मिमीची. कार्ड-सीडी म्हणजे या लहान सीडीच्या समोरासमोरच्या दोन कडा सरळ केलेला तुकडा. काहींची टोके गोलसर असतात, काही अगदी चौकोनी.

कडा गेल्या तरी ती चालते, कारण सीडी ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट, म्हणजे आतून बाहेर वाचली जाते. मजकूर केंद्रापासून २५ मिमीवर सुरू होतो. त्यापलीकडे कुठे कड येते याच्याशी लेझरला देणेघेणे नसते. फटका बसतो तो जागेला. ६० मिमी रुंदीच्या कार्डावर लिहिण्याजोगा पट्टा जेमतेम ५ मिमीचा उरतो, पूर्ण सीडीवर तो ३३ मिमीचा असतो. पट्टा सहा-सातपट अरुंद, पण बाहेरचे वेढे लांब असल्यामुळे तोटा त्याहून मोठा: ७०० एमबीच्या जागी साधारण ५० एमबी.

साध्या ऑडिओ सीडीच्या हिशेबाने ५० एमबी म्हणजे साडेपाच मिनिटे. त्यात एखादी आरती बसते. वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवरील शेख फरीद दर्ग्यासाठी कुणी कव्वाली मुद्रित करून अशा कार्डावर घालायची म्हटली, तर ती रंगात येण्याआधीच जागा संपेल. तेच ध्वनिमुद्रण एमपी३ करून घातले तर पाऊण तास सहज मावतो, फक्त ते वाजवायला संगणक किंवा एमपी३ ओळखणारा प्लेअर हवा.

कंपन्यांनी वाटलेली बरीचशी कार्डे कोरी नव्हती. ती साच्यातून मजकुरासकट दाबून काढली जात आणि त्यासाठी आधी काचेची मूळ प्रत व धातूचा साचा तयार करावा लागे. हा खर्च मोठ्या संख्येवर वाटला गेला तरच परवडे. शंभर-दोनशे कार्डे हवी असलेल्या छोट्या धंदेवाईकाला कोरे कार्ड घेऊन एकेक ‘राइट’ करणे हाच मार्ग होता, आणि अडचण नेमकी तिथेच होती. मोझर बेअर कंपनीने १९९९ साली भारतात सीडी-आर बनवायला घेतल्या. पुढे गोल कोऱ्या सीडी प्लास्टिकच्या डब्यात पन्नास-पन्नास ओवलेल्या मिळू लागल्या आणि तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचल्या. कार्डाच्या आकाराची सीडी ही मात्र हौसेची वस्तू. खप कमी, म्हणून दुकानदार ती ठेवायला नाखूश. मुंबईत लॅमिंग्टन रोड, नागपुरात सीताबर्डी, असे मोठे बाजारच तिचे ठिकाण होते. गिरडहून निघणाऱ्याला त्यासाठी उमरेडवरून नागपूर गाठणेच सोयीचे होते.

आकाराची जुळवाजुळव ड्राइव्हच्या ट्रेमध्ये नीट कळते. ट्रेला दोन खाचा असतात: बाहेरची १२० मिमीची, आतली ८० मिमीची. गोल टोकांचे कार्ड आतल्या खाचेत आपोआप मधोमध बसते. चौकोनी कार्डाच्या खालच्या अंगाला त्यासाठी उंचवटे दिलेले असत. ते नसले की कार्ड सरकते आणि ड्राइव्ह नुसता घरघरतो. फटीतून सीडी आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये किंवा मोटारीतल्या प्लेअरमध्ये कार्ड घातले तर ते बाहेर येईलच याचा नेम नाही. लिहिताना वेग कमी ठेवावा लागे, कारण गोल नसलेली वस्तू जोरात फिरली की थरथरते. एका बाजूला चिकटवलेले कागदी लेबल हा तोल आणखी बिघडवते. नावही बॉलपेनने लिहू नये: चकाकणारा थर लेबलाच्या पातळ लेपाखालीच असतो, तो ओरखडला की मजकूर गेला.

मराठी मजकुराची आणखी एक गोची होती. युनिकोड रुळण्याआधी डीटीपीवाले श्री-लिपी, आकृती अशा फाँटमध्ये काम करत. ज्याच्या संगणकावर तो फाँट नाही, त्याला कार्डावरच्या फाइलमध्ये देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. म्हणून पत्ता, दरपत्रक, फोटो सगळे पीडीएफ किंवा चित्रे करून भरणे शहाणपणाचे ठरे. जोडीला ऑटोरनची छोटी फाइल घातली की सीडी आत जाताच पहिले पान आपोआप उघडे.

या आकाराचा सर्वांत चतुर उपयोग जाहिरातवाल्यांना नव्हे, लिनक्सवाल्यांना सुचला. लिनक्सकेअर कंपनीने १९९९ मध्ये संगणक सुरू करू शकणारे ‘बूटेबल बिझनेस कार्ड’ काढले. पुढे डॅम स्मॉल लिनक्सने अख्खी प्रणाली ५० एमबीच्या आत ठेवण्याची मर्यादा स्वतःला घालून घेतली, ती याच कार्डावरून. बिघडलेल्या संगणकातल्या फाइली वाचवायला असे कार्ड पाकिटात बाळगणे खरोखर उपयोगाचे होते.

पेन ड्राइव्ह स्वस्त झाला, तो पुन्हा पुन्हा पुसता येई आणि त्याला ट्रेची गरज नव्हती. कार्ड-सीडीचा बाजार तिथेच आटला. नंतर लॅपटॉपमधून ड्राइव्हच गेले. मोझर बेअरचे दिवाळे निघून २०१८ साली कंपनी अवसायनात गेली.

घरोघरी ड्रॉवरमध्ये पडलेली कार्डे वाचायची असतील तर यूएसबीने जोडण्याचा ट्रेवाला ड्राइव्ह घ्यावा. त्याच्या मधल्या खुंटीला बारीक पकडी असतात, कार्ड त्यावर दाबून ‘टक्’ बसवले की सरकत नाही. सीडी-आरमधला रंगद्रव्याचा थर उन्हाने खराब होतो आणि वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्यामुळे खिडकीशी किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली कार्डे आधी हाताळावीत आणि पहिल्याच वाचनात त्यांची पूर्ण नक्कल संगणकावर उतरवून घ्यावी.